आकडा लिहावा की सूत्र?

गेल्या मार्चअखेरची गोष्ट. खेड्यातल्या एका प्राथमिक शाळेच्या बाई माझ्याकडे आल्या. शाळा पहिली ते पाचवीची, पट साठ-बासष्टाचा. शालेय पोषण आहाराच्या तांदळाचा हिशेब त्या मोठ्या हौसेने संगणकावर ठेवीत. संगणकाचे कोष्टक सांगत होते, शिल्लक ४१ किलो ३०० ग्रॅम. पोत्यातला तांदूळ मात्र दोनदा तोलला तरी ३९ किलो ५०० ग्रॅमच भरत होता. तफावत अवघी १ किलो ८०० ग्रॅमची. पैशांत मोजली तर चहापाण्याइतकी. पण तांदूळ मुलांच्या तोंडचा आणि कोठीची किल्ली बाईंच्या कमरेला. "घरचा तांदूळ आणून भर घालू का हो?" असे त्यांनी मला विचारले, तेव्हा त्यांचा आवाज जरा कापरा झाला होता.

त्या अठराशे ग्रॅमांचे काय झाले ते ओघात येईलच. आधी हे कोष्टक म्हणजे काय प्रकरण आहे आणि त्याच्या घराघरांत काय, कसे लिहावयाचे, ते पाहू. शिक्षक बंधुभगिनींना ते रोजच उपयोगी पडेल. आणि दूध संस्थेचा, बचत गटाचा किंवा आपल्या शेताच्या जमाखर्चाचा हिशेब ज्यांच्याकडे आहे, त्यांनाही.

इंग्रजीत ह्याला स्प्रेडशीट म्हणतात. मूळ अर्थ, समोरासमोरच्या दोन पानांवर पसरलेला, रकाने आखलेला हिशेबाचा कागद. आपल्या खतावणीचाच सोयरा म्हणा. हा कागद संगणकावर कसा आला, ह्याची हकीकत गुरुजनांना रुचेल, कारण ती एका फळ्यापासून सुरू होते. १९७८ साली अमेरिकेतील हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये डॅन ब्रिकलिन नावाचा विद्यार्थी शिकत होता. प्राध्यापक फळ्यावर मोठे कोष्टक मांडीत. त्यातला एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेले पुढचे सगळे आकडे पुसायचे आणि पुन्हा लिहायचे! ब्रिकलिनच्या मनात आले, हा फळा स्वतःच स्वतःला दुरुस्त करू लागला तर? बॉब फ्रँकस्टन ह्या मित्राच्या साहाय्याने त्याने तसा फळा तयार केला. १९७९ मध्ये तो 'व्हिजिकॅल्क' ह्या नावाने ॲपल-टू संगणकासाठी विक्रीला आला. पुढे १९८३ मध्ये लोटस १-२-३ आणि १९८५ मध्ये मायक्रोसॉफ्टचे एक्सेल आले. आज एक्सेल आहेच, शिवाय फुकट मिळणारे लिब्रेऑफिस कॅल्क आहे, मोबाइलवर चालणारे गूगल शीट्स आहे. रंगरूप थोडे वेगळे, पण लिहिण्याची रीत सर्वांची एकच. म्हणून एक शिकलात की बाकीची आली असे समजा.

पडद्यावर बुद्धिबळाच्या पटासारखी घरे दिसतात. इंग्रजीत घराला सेल म्हणतात. आपण घरच म्हणू. उभ्या रकान्यांना ए, बी, सी अशी अक्षरे, आडव्या ओळींना १, २, ३ असे क्रमांक. रकाना बी आणि ओळ ३ जेथे मिळतात, ते घर बी३. हाच त्या घराचा पत्ता. पट मात्र अफाट. आजच्या एक्सेलच्या एका पानावर १०,४८,५७६ ओळी असतात आणि १६,३८४ रकाने. सगळ्या तालुक्याचे हिशेब मावतील. छपाईच्या सोयीसाठी येथे पत्ते आणि सूत्रे देवनागरीत दिली आहेत. यंत्रावर मात्र इंग्रजी अक्षरे वापरावयाची. अंकही इंग्रजी वळणाचेच घ्यावेत, म्हणजे यंत्राने त्याला अंक मानले की शब्द, ही शंका उरत नाही.

लिहिणे सोपे. घरावर टिचकी मारा, लिहा आणि एंटरची कळ दाबा; तुम्ही खालच्या घरात जाल. टॅबची कळ दाबली तर उजवीकडच्या. लिहिता लिहिता मन बदलले तर एस्केप. घरांच्या वरच्या बाजूला एक लांबट पट्टी असते, तिच्याकडे लक्ष ठेवण्याची सवय आजच लावून घ्या. घरात जे दिसते तो चेहरा. पट्टीत जे दिसते ते पोटातले. दोन्ही एकच असतील असे नाही, आणि बहुतेक भानगडी तेथेच होतात.

घरात तीन प्रकारचा माल राहतो : शब्द, आकडा आणि सूत्र. शब्द लिहिला तर तो घराच्या डाव्या भिंतीला टेकतो, आकडा उजव्या भिंतीला. तुम्ही मुद्दाम हलवले नसेल, तर यंत्राने तुमचे लिखाण कसे घेतले ह्याची ही बिनचूक खूण आहे. '५८' लिहिलेत तर उजवीकडे जाईल. '५८ मुले' लिहिलेत तर डावीकडे, कारण यंत्राच्या मते तो आता शब्द झाला आणि शब्दाची बेरीज होत नाही. म्हणून एकक नेहमी मथळ्यात लिहावे, घरात नुसता आकडा.

आता एक गंमत करून पाहा. रिकाम्या घरात ७/१२ असे लिहा आणि एंटर दाबा. आपल्या मनात उभा राहील सातबाराचा उतारा, तलाठी आणि पीकपाहणी. यंत्राच्या मनात ह्यातले काहीच नाही. संगणकावर तारखेची भारतीय पद्धत लावलेली असेल तर ते लगेच सात डिसेंबर करून मोकळे होते, अमेरिकन पद्धत असेल तर बारा जुलै! गट क्रमांक आणि हिस्सा लिहिताना हीच फजिती. १२/३ ची होते बारा मार्च, ५/२ ची पाच फेब्रुवारी. खातेदारांची दोनशे नावे भरल्यावर हे ध्यानात आले की कपाळावर हात मारावा लागतो, कारण मागाहून दुरुस्ती करू गेल्यास गट क्रमांक परत येत नाही. पंचेचाळीस-सेहेचाळीस हजारांच्या घरातला कुठला तरी आकडा वर येतो. असे का? तर यंत्र तारीख ही तारीख म्हणून ठेवीतच नाही. एक्सेलमध्ये १ जानेवारी १९०० हा दिवस पहिला, तेव्हापासून दिवस मोजत यायचे, आणि तो आकडा पोटात ठेवून चेहरा तारखेचा द्यायचा, अशी रीत आहे. तिचा फायदाही आहे. कापणीच्या तारखेतून पेरणीची तारीख वजा केली की पीक किती दिवस रानात होते ते थेट मिळते.

आपल्यालाच असे छळले जाते असे मात्र समजू नका. माणसाच्या शरीरातील काही जनुकांची इंग्रजी नावे मार्च आणि सप्टेंबर ह्या महिन्यांच्या नावांसारखी होती. शास्त्रज्ञांच्या कोष्टकांत त्यांच्या वारंवार तारखा होत. अखेर जनुकांना नावे देणाऱ्या समितीने २०२० साली नवे नियम प्रसिद्ध केले आणि अशी नावेच बदलून टाकली. यंत्र बदलेना, म्हणून जनुकाचे बारसे पुन्हा केले!

उपाय साधा आहे. असे काही लिहिण्यापूर्वी घरात आधी एकेरी अवतरणचिन्ह द्यावे, मग ७/१२ लिहावे. ते चिन्ह घरात दिसत नाही, पण यंत्राला समजते की पुढचे सारे जसेच्या तसे ठेवायचे आहे. सगळा रकानाच तसा असेल तर आकडे भरण्याच्या आधी त्याचा प्रकार 'टेक्स्ट' करून ठेवावा. आधी, नंतर नव्हे. बँकेचे खाते क्रमांक, आधार क्रमांक ह्यांनाही हाच नियम. ते अंकांनी लिहिलेले असले तरी ती नावेच आहेत. खाते क्रमांकांची बेरीज कोण करतो? आकडा म्हणून लिहिलात तर आरंभीची शून्ये गळून पडतात. आधारचे बारा अंक भलत्याच संक्षिप्त रूपात, मध्ये इंग्रजी ई घालून दिसू लागतात. आणि एक्सेल कोणत्याही संख्येचे पहिले पंधराच अंक नेमके जपते. सोळावा, सतरावा अंक शून्य होऊन बसतो, तोही गुपचूप. शिष्यवृत्तीचे पैसे मग जायचे कुठे?

आता सूत्राकडे वळू. घरात पहिले अक्षर बरोबरीचे चिन्ह दिले, की यंत्र समजते, येथे लिहायचे नाही, काढायचे आहे. =५८*०.१ असे लिहून एंटर दाबा, घरात ५.८ दिसेल. फुली म्हणजे गुणिले, येथे ती तारकेसारखी काढतात. भागाकाराला तिरपी रेघ. क्रम आपल्या शाळेतलाच, कंचेभागुबेव. तीस मुलगे आणि अठ्ठावीस मुली ह्यांचा तांदूळ काढताना =३०+२८*०.१ असे लिहिलेत तर उत्तर ३२.८ येईल, कारण गुणाकार आधी होतो. =(३०+२८)*०.१ असे कंस घालून लिहा, म्हणजे ५.८.

पण सूत्रात थेट आकडे घालणे हा त्याचा खरा उपयोग नव्हे. सूत्रात पत्ते घालावेत. बाईंचेच कोष्टक घेऊ. धान्याचे प्रमाण पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज १०० ग्रॅम, सहावी ते आठवीच्या मुलामागे १५० ग्रॅम असे आहे. बाईंची शाळा पाचवीपर्यंतची, म्हणून एफ१ ह्या घरात ०.१ हा आकडा किलोत लिहून ठेवू. ए रकान्यात तारीख, बी मध्ये जेवलेली मुले, सी मध्ये खर्च झालेला तांदूळ, डी मध्ये शिल्लक. पहिल्या ओळीत मथळे. दुसऱ्या ओळीत फक्त डी२ मध्ये आरंभीची शिल्लक, समजा १५० किलो.

सोमवारी ५८ मुले जेवली. बी३ मध्ये ५८. सी३ मध्ये सूत्र =बी३*एफ१, उत्तर ५.८. डी३ मध्ये =डी२-सी३, उत्तर १४४.२. आता रोज रोज सूत्र लिहावयाची गरज नाही. सूत्राच्या घराच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात एक बारीक ठिपका असतो. तो धरून खाली ओढला की सूत्र खालच्या घरांत उतरते. मंगळवारी बी४ मध्ये ५४ लिहा आणि काय होते ते पाहा. खर्च ५.४ यावयाचा, तो आला शून्य! आणि शिल्लक जेथल्या तेथे, १४४.२.

येथे बहुतेक माणसे अडखळतात, म्हणून जरा थांबून समजून घेऊ. सूत्र ओढले तेव्हा यंत्राने बी३ चे बी४ केले. ते आपल्याला हवेच होते. पण त्याच न्यायाने एफ१ चे एफ२ केले, आणि एफ२ रिकामे. रिकामे घर म्हणजे शून्य. ५४ गुणिले शून्य, शून्य. गणित चोख, हिशेब खोटा. सूत्रातला साधा पत्ता हा खरे म्हणजे पत्ता नसून दिशा असते. 'डावीकडच्या शेजाऱ्याकडून विरजण आणा' असे गल्लीतल्या प्रत्येकाला सांगितले तर प्रत्येकजण वेगळ्या घरी जाईल. 'मारुतीच्या देवळापुढच्या आडाचे पाणी आणा' म्हटले तर सारे एकाच आडावर येतील. यंत्राला आडाची गोष्ट सांगायची खूण म्हणजे डॉलरचे चिन्ह. सी३ मध्ये =बी३*$एफ$१ असे लिहा आणि मग खाली ओढा. बी बदलत जाईल, एफ१ हलणार नाही. एक्सेलमध्ये सूत्र लिहिताना पत्त्यावर असता एफ४ नावाची कळ दाबली की ही चिन्हे आपोआप लागतात.

दर एकाच घरात ठेवण्याची मोठी सोय अशी, की प्रमाण बदलले तर एकच आकडा बदलायचा. पण येथे एक खाचही आहे. वर्षाच्या मध्ये एफ१ बदललात, तर मागच्या सगळ्या दिवसांचा खर्चही बदलेल. जे जेवण मुलांनी जूनमध्ये जेवले ते जानेवारीच्या मापाने मोजले जाईल. म्हणून नवा दर दुसऱ्या घरात लिहावा आणि त्या तारखेपासूनच्या सूत्रांत तो पत्ता घालावा.

महिनाअखेरची बेरीज 'सम' ह्या सूत्राने. =सम(बी३:बी२६) म्हणजे बी३ पासून बी२६ पर्यंत सगळ्यांची बेरीज. मधली दोन टिंबे 'पासून-पर्यंत' अशी वाचावीत. ह्या सूत्राचा एक स्वभाव ओळखून ठेवा : ह्या पट्ट्यातले शब्द ते मुकाट्याने वगळते. एखाद्या घरात '५८ मुले' असेल तर गुणाकाराचे सूत्र निदान 'व्हॅल्यू' असे ओरडते. बेरीज ओरडतही नाही, अठ्ठावन्न पोरे गाळून पुढे जाते. ओरडणारी चूक परवडली. =काउंट(बी३:बी२६) असे सूत्र जवळच्या एखाद्या घरात लिहून ठेवा; ते फक्त आकड्यांची घरे मोजते. चोवीस दिवस शाळा भरली आणि त्याने तेवीस सांगितले, तर एक घर शोधायचे.

दुसरी फसगत पट्ट्याच्या टोकाची. तुम्ही सत्ताविसाव्या ओळीत नवा दिवस लिहिलात आणि सूत्र सव्विसावरच थांबले, तर तो दिवस हिशेबात नाही. ही चूक मोठमोठ्यांनी केली आहे. २०१० साली कार्मेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ ह्या नामांकित अर्थशास्त्रज्ञांनी, देशाच्या डोक्यावर फार कर्ज झाले की त्याची वाढ खुंटते असे दाखविणारा लेख लिहिला. अनेक देशांतील राजकारणी माणसांनी तो खर्चकपातीसाठी पुढे केला. २०१३ साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील थॉमस हर्नडन ह्या विद्यार्थ्याने त्यांचे मूळ कोष्टक मागवून घेतले. सरासरीचे सूत्र ओळ ३० ते ४९ असे हवे होते. ते होते ३० ते ४४. ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा आणि डेन्मार्क असे पाच देशच गळाले होते! त्या लेखाबद्दलचा सगळा वाद ह्या एका चुकीचा नव्हता, मांडणीवरही आक्षेप होते. तरी पण एवढे मोठे पंडित, आणि पट्टा पाच घरे आखूड.

चेहरा आणि पोट ह्यांचा आणखी एक खेळ सांगून बाईंकडे येतो. घरांना पूर्णांकच दाखवायला सांगितले असेल तर ५.४ चा चेहरा ५ होतो. अशी दोन घरे मिळवा : ५ आणि ५, खाली बेरीज ११! यंत्र चुकलेले नाही, पोटात ५.४ आणि ५.४ आहेत, बेरीज १०.८, आणि तिचा चेहरा ११. तपासणीला आलेल्या साहेबांना हे समजावीत बसण्यापेक्षा किलोचे तीन दशांश दाखवावेत, म्हणजे ग्रॅमपर्यंत सारे उघडे. आणि घरात नुसत्या जाळीच्या खुणा दिसू लागल्या तर घाबरू नये. रकाना अरुंद आहे, एवढाच त्याचा अर्थ.

तर बाईंचे कोष्टक. मी त्यांना कंट्रोलची कळ धरून, एक ह्या अंकाच्या डावीकडची उलट्या अवतरणाची कळ दाबायला सांगितली. तसे केले की सगळी घरे चेहरे टाकून पोटातले दाखवितात. पुन्हा दाबले की पूर्ववत. डी रकान्यात वरून खाली सूत्रांची रांग लागली होती : वरच्या शिल्लकेतून आजचा खर्च वजा, वरच्या शिल्लकेतून आजचा खर्च वजा. आणि सप्टेंबरमधल्या एका घरात मात्र नुसता आकडा. सूत्र नाहीच.

हळूहळू त्यांना आठवले. त्या दिवशी ते घर चुकून पुसले गेले होते. छापून ठेवलेला कागद समोर होताच. त्यावरची शिल्लक पाहून त्यांनी आकडा पुन्हा लिहून टाकला. आकडा तोच, चेहरा तोच, म्हणून मनात काही आले नाही. त्यानंतर दिवाळीच्या सुमारास त्यांना ऑगस्टमधली एक चूक सापडली होती : एका दिवशी ५३ मुले जेवली असता ३५ लिहिली गेली होती. ती त्यांनी इमानाने सुधारली. अठरा मुले वाढली, म्हणजे अठराशे ग्रॅम खर्च वाढला. ती वजावट ऑगस्टपासून खाली खाली वाहत आली आणि सप्टेंबरच्या त्या घरापाशी अडली. पाटात मध्येच माती पडली की खालच्या वाफ्यांना पाणी जात नाही, तसे. वर दुरुस्ती झालेली, खाली जुनीच शिल्लक. एफ१ चे प्रमाण, आरंभीची शिल्लक आणि रोजची मुले, एवढेच आपल्याला बाहेरून कळते. तेवढेच आकडे म्हणून लिहायचे. बाकी सारे सूत्राने निघते, आणि जे सूत्राने निघते तेथे आकडा लिहिला की पाटात माती पडली.

वरच्या घरातले सूत्र धरून बाईंनी त्या घरात ओढले. क्षणात मार्चअखेरची शिल्लक बदलली : ३९.५००. बाई पडद्याकडे बघतच राहिल्या. मग पिशवीतून वजनाची चिठ्ठी काढून त्यांनी पुन्हा एकदा ताडून पाहिली.

त्यानंतर आम्ही एक काम केले, ते तुम्हीही करावे. एक्सेलमध्ये प्रत्येक घराला मुळातच कुलूप असते, फक्त ते लावलेले नसते. तारीख आणि मुले ही ए व बी रकान्यांतील घरे निवडून, घराच्या स्वरूपाच्या यादीतील 'प्रोटेक्शन'मध्ये जाऊन 'लॉक्ड'ची खूण काढून टाकली. मग 'रिव्ह्यू' ह्या मथळ्याखालील 'प्रोटेक्ट शीट' दाबले. हे कुलूप चोरासाठी नाही, घसरणाऱ्या बोटासाठी आहे. काढायचे म्हटले तर कोणीही काढील. पण आता बाई रोज दुपारी जेवणे उरकल्यावर मुलांचा आकडा भरतात, आणि चुकून डी रकान्यावर हात गेलाच तर यंत्र लिहू देत नाही.